कुत्र्याला दिलं तसं इंजेक्शन वडिलांना का देता येत नाही? एका भूलतज्ज्ञाचं उत्तर

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी सुटे करतो. तुम्ही तासगाव भागातले, वडील ७८ वर्षांचे, तोंडाचा कॅन्सर, ऑपरेशन झालं रेडिएशन झालं, तरी परत आला आणि आता मानेतली गाठ फुटलीय. तुम्ही लिहिताय की मागं घरच्या म्हाताऱ्या कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरनी एक इंजेक्शन दिलं आणि तो मांडीवर शांत झोपला, मग माणसालाच एवढे हाल का. दुसरं, अमेरिकेत कैद्यांना इंजेक्शननं मारतात असं ऐकलंय, पण तिथं तासन्‌तास तडफडल्याच्या बातम्या येतात, म्हणजे औषधात काय फरक असतो का. आणि तिसरं, कोर्टात अर्ज केला तर परवानगी मिळते का.

मी मिरजेत भूल देतो. आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये, आमच्या भाषेत ओटीत, गेलंय आणि गेली बरीच वर्षं कॅन्सरच्या दुखण्याचे पेशंटही बघतो, त्यामुळं ज्या औषधांबद्दल तुम्ही विचारताय ती औषधं माझ्या ट्रॉलीवर रोज असतात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो. घाई असेल तर सरळ शेवटी जा, वडिलांचं तिथं आहे.

अमेरिकेतलं आधी सांगतो, कारण तिथंच लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं इंजेक्शन म्हणजे एक सुई, एक औषध, संपलं. तसं नव्हतं. १९७७ साली ओक्लाहोमा राज्यात तिथल्या सरकारी मेडिकल एक्झामिनरनं, जे चॅपमन नावाचे डॉक्टर, म्हणजे पोस्टमॉर्टेमवाले, भूलवाले नव्हेत, त्यांनी एक पद्धत सुचवली आणि पहिल्यांदा ती वापरली टेक्सासनं डिसेंबर १९८२ मध्ये. पुढं बहुतेक राज्यांत तीन औषधं ठरली. पहिलं थायोपेंटल, आमच्याकडं ज्याला सगळे पेंटोथल म्हणायचे, सिझेरियनला वर्षानुवर्षं आम्ही तेच दिलंय, त्यानं माणूस अर्ध्या मिनिटात झोपतो. दुसरं पॅन्क्युरोनियम, त्यानं अंगातला प्रत्येक स्नायू लुळा पडतो, श्वासाचे स्नायूसुद्धा. तिसरं पोटॅशियम क्लोराईड, त्यानं हृदय थांबतं. हे केसीएल सलाईनच्या बाटलीत पातळ करून लावलं तरी हात भाजल्यासारखा होतो असं पेशंट सांगतात, ज्यांना कधी लागलंय त्यांना विचारा, आणि चुकून पातळ न करता शिरेत गेलं तर हृदयच थांबतं, म्हणून वॉर्डात त्याचे ॲम्प्यूल इतर औषधांत मिसळू देत नाहीत.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). पहिलं औषध नीट लागलं तर पुढच्या दोघांचं काहीच कळत नाही. पण पहिलं कमी पडलं, किंवा सुई शिरेतून निसटून औषध मांसात गेलं, तर माणूस जागा आहे, हलता येत नाही, ओरडता येत नाही, श्वास घेता येत नाही आणि वरून अंगात आग. आणि काचेपलीकडं बसलेल्यांना काय दिसतं तर एकदम शांत झोपलेला माणूस. म्हणजे ते दुसरं औषध मरणाऱ्यासाठी नव्हतंच, बघणाऱ्यांसाठी होतं, हे माझं स्पष्ट मत आहे. ओटीमध्ये आम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची असेल तर ह्याचीच, की पेशंट लुळा आहे पण झोपलेला नाही. ब्रिटन-आयर्लंडमध्ये २०१४ साली ह्यावर मोठा अभ्यास झाला, साधारण १९,००० भुलींमागं एकानं असा अनुभव सांगितला, आणि स्नायू लुळे करणारं औषध दिलेलं असेल तर हेच प्रमाण ८,००० मागं एक. हे सगळं मॉनिटर लावलेले, शिकलेला माणूस डोक्याशी बसलेला, अशा ठिकाणचं. तुरुंगात तर औषध ढकलणारा दुसऱ्या खोलीत आणि मधे लांबच लांब नळी.

२००५ मध्ये लॅन्सेट ह्या डॉक्टरी मासिकात एक पेपर आला, असं इंजेक्शन देऊन मारलेल्या ४९ कैद्यांच्या रक्तात थायोपेंटल मोजलं तर ४३ जणांत ते ऑपरेशनला लागतं त्याहून कमी निघालं. ह्या पेपरवर बरीच टीका झाली, कारण मेल्यानंतर रक्तातलं औषध चरबीत वगैरे सरकतं आणि आकडा खाली येतो, ती टीका मला बऱ्यापैकी पटते. पण नंतर २०२० मध्ये अमेरिकन रेडिओच्या पत्रकारांनी दोनशेच्या वर पोस्टमॉर्टेम रिपोर्ट तपासले तेव्हा ८४ टक्क्यांत फुप्फुसात पाणी भरलेलं दिसलं, म्हणजे मरताना माणूस पाण्यात बुडतोय तसं काहीतरी होत असावं, तो त्या वेळी शुद्धीत होता का नव्हता हा वाद अजून चालूय.

मग शिरेचा प्रश्न. शीर मिळणं हे बाहेरून सोपं वाटतं. आमच्याकडं केमो झालेला पेशंट आला की तीन सिस्टर आणि मी मिळून हात चोळत बसतो, गरम पाण्याची पिशवी ठेवतो, तेव्हा कुठं एक लाईन लागते. कैद्यांत नशा करून शिरा गेलेले, जाडजूड, म्हातारे असे बरेच, आणि सुई लावणारे बहुतेक वेळा डॉक्टर नसतात कारण डॉक्टरांच्या संघटनांनी मनाई केलीय. २००९ मध्ये ओहायोत रोमेल ब्रूम नावाच्या कैद्याला दोन तास टोचून शीर मिळाली नाही, शेवटी परत कोठडीत नेला, तो २०२० मध्ये तुरुंगातच वारला. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओक्लाहोमातच क्लेटन लॉकेटची सुई जांघेत लावली, वर चादर टाकली, औषध शिरेबाहेर गेलं ते कुणाला दिसलंच नाही, आणि सगळं संपायला ४३ मिनिटं लागली. आमच्याकडं पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला पहिल्या आठवड्यात सांगतात, लाईन झाकायची नाही, डोळ्यांसमोर ठेवायची.

औषधं का बदलली ते पण सांगतो. थायोपेंटल बनवणाऱ्या अमेरिकेतल्या एकमेव कंपनीला कारखाना इटलीत न्यायचा होता, इटली म्हणाली फाशीला जाणार नाही ह्याची हमी द्या, कंपनीनं २०११ च्या जानेवारीत उत्पादनच बंद केलं. त्याच वर्षी युरोपियन युनियननं निर्यातीवर बंधनं घातली. मधल्या काळात नेब्रास्का राज्यानं आपल्या मुंबईतल्या एका औषध कंपनीकडून माल मागवला होता, बोंब झाल्यावर त्या कंपनीनं पण हात झटकले. मग तुरुंगवाले मिडाझोलामवर आले. मिडाझोलाम हे झोपेचं, गुंगीचं औषध, एन्डोस्कोपीच्या आधी देतात ते, कितीही वाढवलं तरी एका मर्यादेपुढं गुंगी खोल होत नाही, त्यावर ऑपरेशन करायला मी उभा राहणार नाही. ॲरिझोनात २०१४ मध्ये जोसेफ वूड ह्या कैद्याला मिडाझोलामचे आणि त्याच्या जोडीच्या दुखण्याच्या औषधाचे १५ डोस देऊन जवळजवळ दोन तास लागले. तरी २०१५ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी मिडाझोलाम चालतं म्हणून सांगितलं, आणि कैद्यालाच सांगितलं की हे नको असेल तर दुसरी चांगली पद्धत तूच दाखव. अलाबामानं २०२२ मध्ये केनेथ स्मिथला सुई लावता लावता वेळ संपली म्हणून थांबवलं आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यालाच नायट्रोजन मास्क लावून मारलं. मिझुरीला २०१३ मध्ये प्रोपोफॉल वापरायचं होतं, ते पांढरं दुधासारखं, जे आज सांगली-मिरजेत जवळपास प्रत्येक भुलीला लागतं. अमेरिकेचं बहुतेक प्रोपोफॉल युरोपातून यायचं आणि ते बंद झालं असतं तर लाखो ऑपरेशन्स अडकली असती, म्हणून गव्हर्नरनं ऐनवेळी थांबवलं.

डॉक्टर तिथं उभा राहिला असता तर हाल झाले नसते, मग डॉक्टर का नाही म्हणतात, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, आणि तो खोटा प्रश्न नाही. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात जज्जानं सांगितलं की भूलतज्ज्ञ हजर ठेवा. दोघं तयार झाले, पण मग कळलं की कैदी जागा झाला तर नुसतं बघायचं नाही, आणखी औषध देऊन संपवायचं, तसे दोघंही निघून गेले, आणि त्यानंतर कॅलिफोर्नियात आजतागायत फाशी झालेली नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या बोर्डानं सांगून टाकलं की जो ह्यात भाग घेईल त्याचं सर्टिफिकेट जाईल. मला हे बरोबर वाटतं. फाशी असावी का नसावी ह्यावर माझं मत काही असू दे, पण माझ्यापुढं टेबलावर झोपणारा माणूस मला ओळखत नसतो, दहा मिनिटांपूर्वी भेटलेला असतो, आणि तरी श्वास बंद करणारं औषध माझ्या हातून घेतो कारण त्याला खात्री असते की हा माणूस मला उठवणार. ही खात्री एकदा डळमळली तर ओटीत काम करणं अवघड आहे.

आपल्याकडं पण ही चर्चा नवी नाही. फाशी गळफासानंच, हे १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टानं योग्य ठरवलं, २००३ मध्ये लॉ कमिशननं १८७ व्या रिपोर्टात इंजेक्शनचा पर्याय ठेवा म्हणून सुचवलं, आणि २०१७ मध्ये गळफास काढून टाका म्हणून परत याचिका झाली. येरवड्यात किंवा नागपूरला इंजेक्शन द्यायचं ठरलं तर ते देणार कोण, ह्यावर वकील फार बोलत नाहीत. तुरुंगाचा मेडिकल ऑफिसर एमबीबीएस झालेला पोरगा असतो.

आता तुमचा कुत्रा. त्याला बहुतेक थायोपेंटलच्याच घराण्यातलं औषध मोठ्या प्रमाणात दिलं असणार, शीर चांगली, माणूस अनुभवी, लुळं करायचं काही कारण नाही कारण काचेपलीकडं कुणी बसलेलं नाही. म्हणून ते शांत झालं. मग स्वेच्छेनं मरणाऱ्या माणसाला तसं देता येतं का? तर येतं, देतात. नेदरलँड्समध्ये २००२ पासून कायदा आहे, तिथं डॉक्टर स्वतः आधी बेशुद्ध करणारं औषध देतो, पेशंट पूर्ण बेशुद्ध झाला हे तपासतो, आणि मगच लुळं करायचं औषध देतो. पहिल्या दोन औषधांचा क्रम अमेरिकन तुरुंगासारखाच, पण शीर उघड्यावर, डॉक्टर शेजारी, आणि माणूस स्वतः हात पुढं करतोय. ओरेगॉन राज्यात १९९७ पासून डॉक्टर फक्त औषध लिहून देतो, प्यायचं पेशंटनं स्वतः. स्वित्झर्लंडात १९४२ पासून स्वार्थ नसेल तर मदत करणं गुन्हा नाही. कॅनडात २०१६ ला सुरू झालं. तिथंही सगळं सुरळीत असतं असं नाही, तोंडावाटे घेणाऱ्यांत कुणाला उलटी होते, कुणाला कित्येक तास लागतात, आणि बेशुद्धी खरंच किती खोल असते ह्यावर भूलवाल्यांच्या जर्नलांत अजून वाद चालूय.

पण मला ह्यातली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच वाटते. ओरेगॉनवाले दरवर्षी रिपोर्ट काढतात, लोकांनी हे का मागितलं त्याचा. सगळ्यात वर दुखणं नाही. वर काय आहे तर स्वतःचं स्वतःला ठरवता येत नाही, आवडीचं काही करता येत नाही, माणूस म्हणून लाज राहिली नाही. दुखणं बरंच खाली. आणि औषध लिहून घेतलेल्यांतले साधारण एक तृतीयांश ते घेतच नाहीत, नुसतं कपाटात असलं तरी त्यांना बरं वाटतं.

मी ह्याच्या विरोधात आहे का? तत्त्व म्हणून नाही. शहाणा माणूस, शुद्धीत, सगळे उपाय करून झालेले, पुन्हापुन्हा तेच सांगतोय, तर त्याला नको म्हणणारा मी कोण. पण जत, आटपाडीकडून पेशंट येतो तेव्हा पहिलं वाक्य काय असतं, “डाक्टर, पोराच्या डोक्यावर कर्ज नको.” महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसलं तरी गाडीभाडं, बुडालेली मजुरी, वरची औषधं घरचीच. असा माणूस इंजेक्शन मागेल ते मरायला मागेल का पोराला मोकळं करायला मागेल, हे मला आयसीयूच्या दारात पाच मिनिटांत कळणार नाही. कॅनडात २०२३ मध्ये सगळ्या मरणांपैकी ४.७ टक्के ह्या मार्गानं झाली, आणि तिथल्या अपंगांच्या संघटना हेच ओरडून सांगतायत, की आम्हाला घर, मदतनीस मिळत नाही पण मरण लगेच मिळतं. ज्या जिल्ह्यात कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फीनच्या गोळ्या मिळवायला हेलपाटे घालावे लागतात तिथं आधी इंजेक्शन आणायचं हे मला उलटं वाटतं. काही माझे मित्र ह्यावर भांडतात, म्हणतात तुम्ही गरिबीच्या नावाखाली लोकांना हाल सोसायला लावताय. त्यांच्याही म्हणण्यात दम आहे.

कायद्याचं. मारायचं इंजेक्शन देणं आपल्याकडं गुन्हा, पेशंटनं लिहून दिलं तरी. संमती असली तर खून न धरता सदोष मनुष्यवध धरतात, एवढाच फरक, आणि मदत केली तर आत्महत्येला प्रवृत्त केल्याचं कलम आहेच. इंग्लंडात १९९१ मध्ये निजेल कॉक्स नावाच्या डॉक्टरनी संधिवातानं पिचलेल्या म्हाताऱ्या बाईंना, त्या मागत होत्या, घरच्यांचाही विरोध नव्हता, केसीएल दिलं. १९९२ मध्ये शिक्षा झाली, स्थगित होती, डॉक्टरकी पण वाचली, पण गुन्हा ठरला. कारण केसीएलनं दुखणं कमी होत नाही, त्यानं फक्त हृदय थांबतं. त्यांनी मॉर्फीन वाढवत नेलं असतं तर कोर्टात जायची वेळच आली नसती. ही रेषा वाटते तेवढी पातळ नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे निरर्थक उपचार थांबवणं, ती कायदेशीर आहे आणि आपल्या लोकांना माहितीच नाही. अरुणा शानभाग तुम्हाला आठवत असतील, केईएममधल्या नर्स, १९७३ मध्ये हल्ला झाला, मग ४२ वर्षं त्याच हॉस्पिटलात. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांच्यापुरती परवानगी नाकारली, कारण तिथल्या नर्सना त्यांना सांभाळायचं होतं आणि कोर्टानं त्यांचं मत मोठं धरलं, पण त्याच निकालात उपचार थांबवायचा रस्ता उघडला. ९ मार्च २०१८ ला घटनापीठानं सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि लिव्हिंग विल, म्हणजे पुढं शुद्ध नसली तर कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं. तेव्हाचे नियम इतके किचकट होते की कुणी त्याच्या वाटेला गेलं नाही. २०२३ च्या जानेवारीत सोपे केले: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, आणि तुमच्या वतीनं कोण बोलणार त्यांची नावं. एक प्रत स्थानिक संस्थेकडं, म्हणजे नगरपालिका-महापालिका-पंचायतीनं नेमलेल्या माणसाकडं. नंतर वेळ आली की हॉस्पिटलचं तीन डॉक्टरांचं बोर्ड, मग दुसरं बोर्ड ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं दिलेला एक डॉक्टर, दोघांनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं, आणि मॅजिस्ट्रेटला कळवायचं. लिव्हिंग विल नसेल तरी घरच्यांच्या संमतीनं हीच बोर्डं ठरवू शकतात. कोर्टात अर्ज करायची वेळ बोर्ड नाही म्हणालं तरच येते.

प्रत्यक्षात काय होतं ते मिरजेत राहणाऱ्या कुणालाही विचारा. बोर्ड वगैरे क्वचित. घरचे थकतात, पैसे संपतात, डॉक्टर म्हणतो “घरी न्या”, फॉर्मवर सही, वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, ॲम्ब्युलन्समध्ये श्वासाची ट्यूब तशीच ठेवून हवेचा फुगा दाबत दाबत गाव गाठायचं आणि उंबऱ्यात ट्यूब काढायची. सगळ्यांना माहितीय की हे उपचार थांबवणंच आहे, फक्त कागदावर जबाबदारी घरच्यांची, आणि पेशंटला त्या दीड-दोन तासांत ना गुंगीचं औषध ना दुखण्याचं. २०२४ मध्ये केंद्रानं ह्याबद्दल नियमांचा मसुदा काढला तर डॉक्टरांच्या संघटनेलाच भीती वाटली की आमच्यावर केसेस होतील. मला वाटतं उलट आहे, कागद नसतो तेव्हाच केस होते.

आपल्या भागात तर उपचार नाकारून जाणं परकं नाहीये. सांगली-कोल्हापूरकडं जैन समाज मोठा, सल्लेखना, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडून मरण स्वीकारणं, इथं घरोघरी ऐकलेली, आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला घेतली ती सांगणारी म्हातारी माणसं मी पेशंट म्हणून बघितलीत. २०१५ मध्ये राजस्थान हायकोर्टानं ह्याला आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं त्या निकालाला स्थगिती दिली. तो विषय मोठा आहे, त्यात पडत नाही.

आता वडिलांचं. तुमचं पूर्ण लिहिणं मी दोनदा वाचलं, त्यात वडील स्वतः काय म्हणाले हे कुठंच नाही. तुम्ही म्हणताय बघवत नाही, आई म्हणते सुटले तर बरं. कुत्र्याच्या बाबतीत तुम्हीच ठरवायचं होतं. वडिलांना बोलता येत नसेल, तोंड गेलं असेल, तर पाटी-पेन्सिल द्या, मोबाईलवर लिहू द्या, लिहिता येत नसेल तर मान हलवू द्या. आणि “तुम्हाला मरायचंय का” असं विचारू नका, विचारा की दिवसभरात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. माझा अनुभव असा आहे की उत्तर बऱ्याचदा दुखणं नसतंच. वास असतो. नातवंडं खोलीत येत नाहीत, जेवायचं ताट दारातून सरकवतात, जखमेत किडे झालेत. हे मागासलेपण वगैरे काही नाही, गाठ उघडी पडली आणि माशा असल्या की कुणाच्याही घरात होतं. ह्याच्यावर उपाय साधा आणि स्वस्त आहे: किड्यांसाठी टर्पेंटाईन वापरून ते काढतात, ते एकदा ड्रेसिंग करणाऱ्याकडून करून घ्या, आणि वासासाठी मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून पूड जखमेवर भुरभुरतात, दोन-चार दिवसांत फरक कळतो. वास गेल्यावर नातू परत खोलीत यायला लागला आणि मग म्हातारा आजोबा मरायचं बोलायचा थांबला, असं मी एकापेक्षा जास्त घरांत बघितलंय.

मानेतली गाठ फुटलीय म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कुणी सांगितली नसेल. तिथं मोठी रक्तवाहिनी असते, ती कधी एकदम फुटू शकते आणि मग काही मिनिटांत सगळं होतं. होईलच असं नाही. पण पलंगाजवळ गडद रंगाचे टॉवेल, लाल किंवा काळे, आणि एक गडद चादर ठेवा, पांढऱ्यावर रक्त फार दिसतं आणि घरचे हादरतात. तुमच्या डॉक्टरना विचारा, अशा वेळेसाठी मिडाझोलाम घरी ठेवायची सोय करता येईल का. हो, तेच, ॲरिझोनातलं. भीती आणि घुसमट घालवायला ते फार चांगलं औषध आहे, त्याला ज्या कामासाठी बनवलंय त्या कामात. आणि अशा वेळी १०८ ला फोन करून आयसीयूत पळवायचं का नाही हे आजच ठरवा. वडील शुद्धीत आहेत, त्यांनी व्हेंटिलेटर नको म्हटलं तर तो त्यांचा हक्क आहे, त्याला कुठलं बोर्ड लागत नाही. फाईलमध्ये त्यांच्या डॉक्टरकडून तसं लिहून घ्या.

दुखण्यासाठी मॉर्फीन. तुम्ही लिहिलंय आत्ता ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल चालू आहे आणि रात्र रात्र झोप नाही, म्हणजे पायरी वर जायची वेळ कधीच झालीय. २०१४ मध्ये अमली पदार्थाच्या कायद्यात बदल करून मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फीन ठेवणं सोपं केलं, राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता असली की झालं. सगळ्या दवाखान्यांकडं ती नसते, म्हणून मेडिकल दुकानात फिरू नका, पेन क्लिनिक किंवा कॅन्सर हॉस्पिटलात थेट “मॉर्फीन मिळतं का” असंच विचारा. साधी गोळी असते ती दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायची, दुखायला लागल्यावर नव्हे. गिळता येत नसेल तर नाकातल्या नळीतून. सवय लागेल, लवकर मरतील, ही भीती मनातून काढा, मोजून वाढवत नेलेलं मॉर्फीन माणूस मारत नाही, आणि दुखणं थांबल्यावर पहिले एक-दोन दिवस वडील नुसते झोपतील, ते औषधानं कमी आणि साठलेल्या जागरणानं जास्त, घाबरून गोळी बंद करू नका. बद्धकोष्ठ मात्र नक्की होतं. त्यामुळं पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासूनच लिहून घ्या, नाहीतर चौथ्या दिवशी पोट फुगतं, घरचे मॉर्फीनला दोष देतात, गोळ्या कपाटात जातात आणि परत तुम्ही मला इंजेक्शनचं विचारणार.